बरणीतल्या भेकाचा रंग

काटेरी पाठीचा तो भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, आमच्या रिरा गावच्या ओढ्यात पंचवीस वर्षांत कुणाला दिसला नव्हता. तरी पावसाळा आला की माझे यजमान, नुरे, त्याला शोधायला डोंगरात जायचेच.

"निघालात धाकट्या बायकोकडे?" मी विचारायचे.

"ती तुझ्यासारखी बडबडत नाही," ते म्हणायचे.

लग्नाआधी एका परदेशी प्रोफेसरांचं सामान वाहताना त्यांनी तसले भेक स्वतः धरून दिले होते.

दोन वर्षांपूर्वी त्याच भेकाच्या शोधात अदिस अबाबाहून सेलामावित नावाची संशोधक आमच्याकडे उतरली. कॉफी पिता पिता म्हणाली, "काका, तुमच्या काटेरी भेकाचा वंश आता वेगळा धरत नाहीत. इथल्याच ओढ्यातल्या छोट्या भेकाशी त्याचं नातं निघालं. जाती दोन, पण दोघांना एकाच वंशात घातलंय."

"छोटा शेवाळात अंडी घालतो. हा पाण्यात अंड्यांच्या माळा सोडायचा."

"तरी नातं जवळचं."

"म्हणजे घरात दोघंच," नुरे म्हणाले. "त्यातला एक परत येईना."

नऊ दिवस दोघांनी ओढा पालथा घातला. छोटे भेक पुष्कळ मिळाले. नवव्या दिवशी दुपारीच नुरे भिजून परतले आणि भाकरीला हात लावेनात. तेव्हा सेलामावितने एक फोटो दाखवला. दूरच्या संग्रहालयातल्या बरणीत एक भेक होता, उकडलेल्या बटाट्यासारखा पांढुरका.

नुरेंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हा मी धरलेला. मागच्या पायाचं बोट तुटलंय बघ. पण हा असा नव्हता गं."

"औषधात रंग उतरतो, काका. बरणीच्या चिठ्ठीवर तुमचं नावही नाही."

"नावाचं राहू दे. रंग लिहून घे."

मग ते सांगत गेले. पाठ ओल्या झाडसालीसारखी, कुशीला शेवाळी झाक, पोटाखाली लोण्याचा पिवळेपणा. ती लिहीत राहिली. माझ्या लग्नातल्या शालीचा रंग यांना आठवत नाही, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात यांनी फोटोतल्या तुटक्या बोटावर बोट ठेवलं. मी कॉफी ओतली.

जाताना तिने विचारलं, "नष्ट झाला असं लिहू?"

"सापडला नाही, असं लिही."

यंदा त्यांचे गुडघे गेले. मी ओढ्यावर पाण्याला निघाले की म्हणतात, "दगडाखाली बघ जरा." मी बघते. दगड होता तसा ठेवते, मग घागर भरते.