एका टेबलावर दोन इन्स्पेक्टर

अंजलीच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस बसवायचा असं घरात ठरलं आणि भिवाबाबांच्या चालण्यात जुना तोरा परत आला. अंजलीचे हे सासरे महाळुंग्याच्या एका कंपनीत जन्मभर माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. टेबलावर आलेला पीस गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. नीट बसला तर पुढे, नाही तर लाल ट्रेमध्ये. रिटायर झाल्यापासून संत तुकाराम नगरातलं घरच त्यांचं टेबल झालं होतं. दुधाच्या पिशवीपासून नातीच्या खुळखुळ्यापर्यंत सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. मग हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती कसं जाणार?

गरज खरीच होती. तेजू पोटात असताना अंजलीने ड्रॉइंगचं काम सोडलं होतं. आता लेक रांगायला लागली, आणि चिखलीच्या कुसुमताईंचा फोन आला. ताईंचं छोटंसं वर्कशॉप. वेल्डिंग करताना पत्रा जागेवर धरून ठेवणारी एक चौकट त्यांना बनवायची होती, तिचं ड्रॉइंग हवं होतं.

"बाळ सांभाळून जमतंय का, ते बघूया एकदा," ताई म्हणाल्या होत्या. "उद्या संध्याकाळपर्यंत आलं पाहिजे हां. नाही आलं तर मी आपली दुसऱ्याला सांगेन, आणि तू रुसायचं नाहीस."

जुनी ड्रॉइंग त्यांनी पेनड्राइव्हवर लगेच पाठवून दिली. तो पेनड्राइव्ह दहा ठिकाणच्या कॉम्प्युटरचं पाणी प्यायलेला. त्यातून घरात काय शिरेल, सांगता येत नव्हतं.

"विंडोजमध्येच असतं की एक," अंजलीचा नवरा बुद्धरत्न डबा पिशवीत कोंबत म्हणाला. "वेगळं कशाला घ्यायचं?"

"म्हंजे ज्यानं माल बनवला त्यानंच तो तपासायचा?" बाबा म्हणाले. "सप्लायरचा रिपोर्ट आमी कधी मानला न्हाई."

"बाबा, कॉम्प्युटर आहे तो. तुमच्या कंपनीतला ब्रॅकेट नाही."

"तू शिफ्टला जा बरं."

बाबा चौकातल्या ज्योतीरामच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. ज्योतीरामने एक लाल डबा दाखवला, एक निळा. "कुणाची नजर तिखट?" बाबांनी विचारलं. ज्योतीरामने दोन्हींचं तोंड भरून कौतुक केलं. बाबा विचारात पडले, आणि दोन्ही डबे घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंजली तेजूला न्हाऊ घालत होती. तिने आतूनच सांगितलं, "बाबा, लावून टाका तुम्हीच. स्क्रीनवर विचारतं तसं पुढं पुढं जायचं." बाबा पुढं पुढं गेले. आधी लाल बसवला. निळा बसवताना कॉम्प्युटरने इंग्रजीत विचारलं, की इथे आधीच एक आहे, त्याला काढू का? बाबांनी चष्मा वर सारून ते दोनदा वाचलं आणि ठामपणे 'नको' दाबलं. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा धरेल. त्यांच्या टेबलावरून सुटलेला पीस गेटवर पकडला जायचाच की!

दुपारी तेजू झोपली. अंजली कॉम्प्युटरपुढे बसली. चौकट आदल्या रात्रीच काढून झाली होती, जुन्या ड्रॉइंगमधली मापं टाकायची तेवढी राहिली होती. तिने बटण दाबलं. स्क्रीन उजळली आणि तिथेच थिजली. माउसचा बाण हलवावा तर तो पाय ओढत चालल्यासारखा सरकायचा. कोपऱ्यात एक लाल चौकट आली, तिच्यावर निळी चौकट चढली, मग पुन्हा लाल. दोघांनीही एकमेकांना चोर ठरवलं होतं. आणि त्या हाणामारीत लालने अंजलीचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरच संशयित म्हणून उचलून कोंडून ठेवलं होतं.

बुद्धरत्नला फोन करावा, तर शिफ्टच्या वेळी फोन गेटवरच जमा. ताईंकडे वेळ मागावा, तर पहिल्याच कामाला रडगाणं. बाळ झाल्यावर बायकांचं असंच होतं, असं ताई म्हणणार नाहीत, पण मनात आणतील. तिला रडूच यायला लागलं.

"काय झालं गं?" बाबा दारात उभे होते. हातात तिच्यासाठी चहा. "लागला न्हवं दोघांचा पहारा?"

जिभेवर आलेलं अंजलीने गिळलं. या माणसाने पहाटे उठून तेजूचे लंगोट धुतले होते, सुनेला कॉम्प्युटरवर बसायला वेळ मिळावा म्हणून. पण गिळून ड्रॉइंग ताईंकडे जाणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "कंपनीत एका टेबलावर दोन इन्स्पेक्टर बसवायचे का हो?"

"छ्या! एकाच टेबलावर?" बाबा हसले. "एकदा बसवलं होतं साहेबानं. मी आन् आबाजी. मी पास म्हनलं की त्यो रिजेक्ट म्हनायचा. शेवटी माल तसाच पडून, लाइन बंद, आन् आमी दोघं एकमेकांचे गेज तपासतोय..."

बोलता बोलता ते स्क्रीनकडे वळले. लाल चौकट, निळी चौकट. चहाचा कप त्यांनी हळूच खाली ठेवला.

"आरं तिच्या," ते म्हणाले. "लाइन मीच बंद पाडली व्हय?"

"थोडीशी."

"थोडीशी न्हाई. पार झोपवली." त्यांचा चेहरा उतरला. "तुझं काम हाय ना आज?"

"आहे. म्हणून तर. यातला एक ठेवायचा, बाबा. कुठला, ते तुम्ही सांगा."

ती खुर्चीवरून उठली. बाबा बसले, आणि पाठ आपोआप ताठ झाली.

"तुझं सॉफ्टवेअर कुनी कोंडलं?"

"लालने."

"चांगला पीस रिजेक्ट केला. आन् निळ्यानं?"

"त्याने काही म्हटलं नाही."

"मग लालला घरी पाठव. वाईट धरतो म्हनून चांगलं मारायची परवानगी न्हाई इन्स्पेक्टरला."

कोंडलेलं सॉफ्टवेअर सोडवून अंजलीने लाल काढून टाकला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि बाण माशासारखा सुळकन पळाला. ती ड्रॉइंग उघडायला गेली, तोच बाबांनी हात आडवा घातला.

"थांब. हा निळा नुसता झोपाळू असला तर? नव्या इन्स्पेक्टरपुढं आमी मुद्दाम खराब पीस सारायचो. धरतो का बघायला. हाय का असला पीस?"

अंजलीने कुसुमताईंचा पेनड्राइव्ह लावला. क्षणभर काहीच झालं नाही. बाबा पुढे वाकले. मग निळी चौकट आली, दुसरी आली, तिसरी आली. जुन्या ड्रॉइंगच्या आड दडून बसलेलं व्हायरसचं सगळं बिऱ्हाड निळ्याने बाहेर काढलं, आणि ड्रॉइंगना धक्काही लावला नाही.

"गडी कामाचा हाय," बाबा म्हणाले. "ठेव."

ते उठले, बाहेर जाऊन दार लोटून घेतलं आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. मधे तेजू उठली, किरकिरली. दाराआडून बाबांचं बेसूर गाणं ऐकू येत राहिलं. अंजली उठली नाही. मापं टाकत गेली, एकेक रेघ पुन्हा पाहिली, आणि उन्हं गॅलरीतून निघायच्या आत ड्रॉइंग ताईंना पाठवलं.

ताईंचा फोन आला तेव्हा तेजू आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांचा चष्मा चघळत होती.

"मिळालं गं. चांगलं झालंय," ताई म्हणाल्या. "पुढची तीन तयार आहेत. रोज बसशील का? नक्की सांग, म्हणजे मी दुसऱ्या कोणाला विचारत नाही."

अंजलीने फोनवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं. एवढं कसं मागायचं? सासरे असले तरी माणूस रिटायर झालेला आहे, आरामाचे दिवस आहेत त्यांचे.

"बाबा, रोजचं म्हणतायत. तेजूला..."

"शिफ्ट कुठली?" बाबांनी विचारलं.

"अं? दुपारची. ती झोपते ना तेव्हा."

"झोपलेल्या पोरीला काय सांभाळायचं त्यात? फस्ट शिफ्ट धर. सकाळी मी हिला बागेत नेतो." त्यांनी तेजूच्या तोंडातून चष्मा सोडवला, धोतराला पुसला आणि नाकावर चढवला. "सांग त्यान्ला, व्हय म्हनून. किती वेळ फोन धरून बसवतीस?"