अंडं न देणारे तिघे

आमच्या बिल्डिंगमध्ये अंडी आणायची एक पद्धत आहे. ती कुठे लिहिलेली नाही, पण आम्ही खाणारे सगळे पाळतो. घाटकोपर स्टेशनजवळ अंडी घ्यायची नाहीत, तिथे बिल्डिंगमधलं कोणीतरी भेटतंच. लांबून घ्यायची, कापडी पिशवीत ठेवायची आणि वर मेथीची जुडी टाकायची. टरफलं पेपरात गुंडाळून पलीकडच्या गल्लीतल्या कचरापेटीत टाकायची. बिल्डिंग गुजराती, शाकाहारी. कोणी कोणाला बोलत नाही, पण वास सगळ्यांना येतो.

हे काम माझी बायको माधुरी करायची. "लोक सोनं लपवतात, मी टरफलं लपवते," असं म्हणायची.

माधुरी गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेली. शेवटचे काही महिने ती पलंगावर होती. त्या काळात तिने मला एकच पदार्थ शिकवला, अंड्याचा रस्सा. मी ओट्यापाशी, ती आतून ओरडायची. "कांदा करपला. मला इथे वास आलाय. तो टाका आणि दुसरा घ्या." मी म्हटलं, वरणभात शिकव, रोज उपयोगी पडेल. तर म्हणाली, "वरणभात कोणीही देईल. रविवारी गार्गी येते ती या रश्श्यासाठी. तो बंद झाला तर तुमचं तोंड बघायला येणार आहे का ती?"

गार्गी आमची नात. श्रुतिकाची मुलगी, मुलुंडला राहते, अकरावीत आहे. आजी गेल्यावरही ती रविवारी येत राहिली. मी रस्सा करायचो, ती जेवायची, मग सोफ्यावर आडवी होऊन संध्याकाळपर्यंत मोबाइल बघायची. मला तेवढं पुरत होतं. घरात कोणीतरी आडवं पडलेलं असलं की घर घर वाटतं.

मग एका रविवारी तिने ताट बाजूला सारलं.

"आजोबा, मी अंडी सोडली."

"का? तिखट झालंय?"

"तिखट नेहमीच असतं. मी एक व्हिडिओ बघितला. अंड्यांच्या कोंबड्या जिथे जन्मतात ना, हॅचरीत, तिथे नर पिल्लं निघाली की त्याच दिवशी मारून टाकतात. कारण ती अंडी देत नाहीत."

"मग चिकनवाल्याला का देत नाहीत?"

"ती जात वेगळी असते रे. ह्यांना मांस धरत नाही. म्हणजे काहीच उपयोग नाही. म्हणून मारतात. अंडी देणाऱ्या जेवढ्या कोंबड्या, तेवढे त्यांचे भाऊ गेलेले असतात."

तिने भात आणि दही खाल्लं आणि क्लास आहे म्हणून निघून गेली. रविवारी कसला क्लास? पुढच्या रविवारी आली ती उभ्या उभ्या. त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला, "आजोबा, आज जमत नाही." माधुरी म्हणाली होती तसंच चाललं होतं.

मी धोंडिरामला सांगितलं. धोंडिराम माझा टेलिफोन खात्यातला जुना दोस्त, मूळचा जालन्याकडचा, आता पंतनगरला असतो. युनियनमध्ये होता, त्यामुळे कुठल्याही भांडणात तडजोड काढायची त्याला सवय.

"श्याम, पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला. "पण मुद्दा काय आहे? भाऊ मरतात हा मुद्दा आहे. अंडी हा मुद्दा नाहीच."

"मग?"

"मग भावांना आपण सांभाळू. बहिणींची अंडी खाऊ. हिशेब मिटला."

मी गार्गीला फोन लावला. ती म्हणाली, "पिल्लं आणून मग वाट लावायची नाही. तुरे येईपर्यंत जगली पाहिजेत, आणि नंतर पण. तुरे आले की मी रस्सा खाईन."

"नक्की?"

"नक्की. पण मी चेक करायला येणार."

यायला तिला तेवढं कारण पुरलं आणि मलाही.

हॅचरी बदलापूरच्या पुढे होती. धोंडिरामच्या जावयाच्या गाडीतून आम्ही गेलो. आतमध्ये बायका टेबलाला बसल्या होत्या. प्रत्येक पिल्लू उचलायचं, क्षणभर बघायचं, डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचं. आवाज असा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मालक इनशर्ट केलेला, सभ्य माणूस होता.

"मादी शंभरच्या खाली देत नाही," तो म्हणाला.

"आम्हाला नर पाहिजेत," धोंडिराम म्हणाला.

"नर? किती, हजार?"

"चार."

मालकाने आम्हा दोघांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "कशाला?"

"पाळायला."

"काका, हे अंडी देत नाहीत."

"माहीत आहे. आम्हीपण देत नाही," धोंडिराम म्हणाला.

मालक हसला. पैसे घेतले नाहीत, खोकाही फुकट दिला. मी विचारलं, बाकीच्यांचं काय होतं? तो म्हणाला, थोडे ते पिल्लं रंगवून जत्रेत विकणारे घेऊन जातात. आणि बाकीचे? त्याने मोबाइल बाहेर काढला आणि त्यात बघायला लागला. उजवीकडचा क्रेट भरला होता आणि एक माणूस तो उचलून मागच्या दाराने नेत होता.

चारातलं एक पिल्लू दुसऱ्या दिवशी सकाळी मेलं. मी ते कुंडीत पुरलं आणि गार्गीला फोन केला. वाटलं, करार मोडला म्हणेल. ती म्हणाली, "तू रडतोयस का?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मी येते." आणि मधल्या वारी, कॉलेज बुडवून आली.

उरलेल्या तिघांना आम्ही माधुरीच्या कपडे भिजवायच्या टबात ठेवलं, वर बल्ब लावला. नावं धोंडिरामने ठेवली. सगळ्यात जास्त खाणारा साहेब. सतत ओरडणारा हेडक्लार्क. आणि दोघांच्या मागे मागे फिरणारा शिपाई. ग्रिलच्या बाल्कनीत त्यांचं ऑफिस थाटलं. गार्गी दर रविवारी यायची, बाल्कनी धुवायची, नाक दाबून मला शिव्या घालायची आणि साहेबाला मांडीवर घेऊन बसायची. रस्सा नव्हता. मी पोहे करायचो, ते बिघडायचे.

तीन महिन्यांनी हेडक्लार्क आरवला. पहाटे. सेक्रेटरी विद्याधर माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. तो सकाळी दारात.

"श्यामसुंदर, कोंबडा ओरडला का रे तुझ्याकडे?"

"मोबाइलचा अलार्म आहे. गार्गीने लावून दिलाय."

"आवाज कमी कर ना यार."

दुपारी पुन्हा ओरडला. विद्याधर जिन्यात भेटला.

"आता कसला अलार्म?"

"बीपीच्या गोळीचा."

"आणि संध्याकाळचा?"

"शुगरच्या."

"तुला शुगर कधी झाली?"

"टेन्शनने होते म्हणतात."

असं आठवडाभर चाललं. मग साहेबही आरवायला लागला आणि दोन अलार्म एकदम वाजायला लागले. विद्याधर गच्चीवरून वाकून बघायला गेला आणि शिपायाने ग्रिलमधून मान बाहेर काढून त्याच्याकडे बघितलं. शनिवारी संध्याकाळच्या मीटिंगची नोटीस लागली.

तिघांना तुरे आले होते. लाल, चांगले उभे. गार्गीने शुक्रवारी फोटो मागवून पास केले. रविवारी ती रस्सा खाणार होती. मी डझनभर अंडी आणून ठेवली, मेथीच्या जुडीखालून.

मीटिंग खाली पार्किंगमध्ये होती, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. गार्गी मुद्दाम आली होती. धोंडिरामसुद्धा, मेंबर नसताना, स्कूटरला टेकून उभा.

विद्याधर उभा राहिला. "झोप नाही, वास येतो, नियमात बसत नाही. मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याशी बोललोय. तो उद्या येऊन घेऊन जाईल, फुकट."

गार्गीने माझा हात धरला.

मग माझ्या समोरच्या दारातल्या जसुमतीबेन उठल्या. वय झालंय, पण आवाज खणखणीत. लसूणसुद्धा न खाणारी बाई.

"विद्याधरभाई, फरी एकदा बोला. कोणाकडे देणार?"

"चिकनवाल्याकडे."

"तो काय करणार, शाळेत घालणार?"

मागून कोणीतरी हसलं. विद्याधर म्हणाला, "बेन, तुम्हालाच त्रास होतो म्हणून तर..."

"त्रास मला होतो ना? मग मी बोलते. आपल्या सोसायटीने ठराव करून तीन जीव कापायला दिले, असं मिनिट्समध्ये लिहिणार तुम्ही? खाली माझी सही?"

"मग पांजरापोळला देऊ."

"मी विचारलं. कोंबडे नको म्हणतात, आपसात भांडतात."

सगळे शाकाहारी एका बाजूला झाले. गंमत अशी की कोंबडे घालवा म्हणणारे होते ते आम्ही खाणारेच, विद्याधरसकट. आणि ठेवा म्हणणारे ते, ज्यांनी आयुष्यात कोंबडीला हात लावला नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने महत्त्वाचा प्रश्न काढला. "पण हे अंडी देणार काय? अंडी बिल्डिंगमध्ये नाही चालणार."

"नर आहेत," धोंडिराम स्कूटरजवळून म्हणाला. "गॅरंटी."

ते ऐकल्यावर पार्किंगमध्ये सगळ्यांचे खांदे खाली आले. ज्या कारणासाठी हॅचरीने त्यांना फेकून दिलं, त्याच कारणासाठी आमच्या सोसायटीत ते पास झाले. अंडं देत नाहीत. माद्या असत्या तर त्याच दिवशी बाहेर गेल्या असत्या.

"रात्री खोक्यात झाकून ठेवायचे, म्हणजे लवकर ओरडणार नाहीत," जसुमतीबेन म्हणाल्या. "आणि श्यामभाई, एक शर्त माझी. ज्या घरात हे जीव राहतील, त्या घरात अंडं नाही शिजणार."

मी म्हटलं, "आमच्याकडे कुठे अंडं..."

"श्यामभाई. इतकी वर्षं मला वास येतो. माधुरीबेन होती म्हणून मी बोलली नाही. तिने मला खूप केलं. पण आता सांगते. अंडं नाही, तर कोंबडे राहतील."

विद्याधर जमिनीकडे बघत होता. पलीकडच्या गल्लीतल्या कचरापेटीपाशी तो आणि मी कितीदा तरी भेटलो होतो. दोघांच्या हातात पेपरची पुडी, दोघंही आकाशात विमान शोधत. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान आणखी खाली घातली.

मी विचार करत होतो तो फ्रीजमधल्या अंड्यांचा. माधुरीने मला एकच गोष्ट दिली होती, तीच हे मागत होते. तो रस्सा नसला तर रविवारी गार्गीपुढे मी काय ठेवणार? आणि कोंबडे नसले तर गार्गी येणार कशाला? दोन्ही बाजूंनी माझीच वाट लागलेली.

"आजोबा," गार्गी हळूच म्हणाली, "बोल ना काहीतरी."

"कबूल," मी म्हटलं.

विद्याधरने ठराव लिहिला. तीन कोंबडे, फक्त नर.

अंडी मी त्याच संध्याकाळी धोंडिरामच्या पिशवीत घातली. त्याने वर मेथी मागितली नाही, त्याच्या चाळीत कोणी विचारत नाही.

रविवारी मी रस्सा केला. कांदा, खोबरं भाजून, माधुरीचा तोच मसाला. आणि अंड्याच्या जागी कच्ची केळी उकडून, सोलून, दोन दोन तुकडे करून सोडली. जसुमतीबेन वास घेत दारात आल्याच. मी झाकण उचलून दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, चमच्याने एक तुकडा फिरवून बघितला.

"केळं?"

"केळं."

"कांदा आहे?"

"भरपूर."

"मग मला नको," असं म्हणून त्या गेल्या, पण जाताना साहेबाला बाजरीचे दाणे टाकून गेल्या.

गार्गी जेवायला बसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने केळ्याचा तुकडा खाल्ला आणि चेहरा वाकडा केला.

"हे भयंकर आहे, आजोबा."

"माहीत आहे."

"रस्सा आजीचाच आहे पण." तिने केळी ताटाच्या कडेला सारली आणि रस्सा भातावर घेतला. "पुढच्या रविवारी वाटाणे टाक. नाहीतर थांब, मी येऊन टाकते. तुला नाही जमणार."

"लवकर यावं लागेल. मसाला सकाळी भाजतात."

"येईन की. शनिवारीच येते राहायला. हेडक्लार्कला रात्री कोण झाकणार? तू विसरतोस." ती खाता खाता थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "तुला चालेल ना पण? तुझी अंडी गेली."

"मला काय. म्हातारा माणूस. सोडलीच समज."

"खरंच?"

"खरंच."

"मग सकाळी धोंडिरामआजोबांकडे कशाला गेला होतास?"

"पेपर वाचायला."

"आणि शर्टावर ते पिवळं काय आहे?"

मी खाली बघितलं. "हळद."

"बरं," ती म्हणाली, आणि ताट पुढे केलं. "भात वाढ अजून."