मंडपीवरचे पंचे

आमच्या ह्यांनी, म्हणजे आत्मारामांनी, निवृत्त झाल्यावर सुतारकामाचा छंद धरला, तेव्हापासून आमच्या पावसच्या घरात एकही जुनं लाकूड सुखानं राहिलेलं नाही. नवं लाकूड विकत आणायचं नाही, हा ह्यांचा बाणा. "जुन्या फर्निचरातलं लाकूड मुरलेलं असतं," म्हणतात. मग टीपॉय मोडून स्टूल होतं, स्टूल मोडून फुलदाणीची फळी होते आणि फळी पडून फुलदाणी फुटते.

या ज्येष्ठात मी मुलीकडे मिरजोळ्याला गेले होते. परत आले तर मागच्या पडवीत कपडे वाळत घालायचा स्टँड! माळ्यावर गोणपाटात कसलीशी जुनी जाळीदार चौकट सापडली, म्हणाले, खिडकीची असावी. तिला चार पाय लावून वर हिरवा ऑइलपेंट मारलेला. ह्यांच्या हातची वस्तू पहिल्यांदाच डुगडुगत नव्हती. मीही कौतुक केलं, खोटं कशाला बोलू? पावसाळाभर त्यावर माझ्या साड्या, ह्यांचे पंचे आणि त्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या वाळल्या.

हरतालिकेच्या दिवशी माझे मोठे दीर श्रीपतीभाऊ नाट्याहून आले. गणपतीच्या डोक्यावर मंडपी बांधायचा मान त्यांचा. मंडपी म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट. ती वर वाशांना टांगायची आणि तिला नारळ, काकड्या, कवंडळं, सुपारीचे घड बांधायचे. आमची मंडपी सासऱ्यांच्या हातची आणि भाऊंचा तिच्यावर फार जीव.

"आत्माराम, मंडपी काढ रे माळ्यावरनं," भाऊ म्हणाले.

आता गंमत अशी, की दरवर्षी भाऊ मंडपी बांधायचे तेव्हा हे मूर्ती आणायला गेलेले असायचे. परत येईपर्यंत पानाफळांखाली लाकूड दिसत नसे. माणसानं जन्मभर तिच्याखाली उभं राहून आरत्या म्हटल्या, पण मंडपी उघडी कधी पाहिलीच नव्हती.

हे माळ्यावर गेले आणि उतरले ते उकडलेल्या अळवासारखा चेहरा घेऊन. मला स्वयंपाकघरात ओढलंनी.

"लीला, मंडपीला जाळी असते?"

"असते."

"गोणपाटात ठेवतात?"

"दरवर्षी मीच गुंडाळते."

ह्यांनी पडवीकडे बोट केलं. मी पडवीत डोकावले. हिरव्या मंडपीवर पंचा वाळत होता. त्या रंगात आणि वाळत्या कपड्यांखाली ती मलाही ओळखू आली नव्हती, गोणपाटाचं ऐकूनही.

हसावं की रडावं, मला कळेना. भाऊंना समजलं तर ते पाणीसुद्धा न घेता नाट्याची एसटी धरणार, ही खात्री. आणि भाऊंशिवाय आमच्याकडे गणपती कधी बसलेला नाही. ह्यांनी पाय काढायचा प्रयत्न केला, पण नेमके हेच पाय असे पक्के बसवलेले की हलेनात. शेवटी मी ती तशीच घासून धुतली, गोमूत्र शिंपडलं आणि उलटी करून पुढं नेली.

"ह्यांनी यंदा नवी केलीनी," मी ठोकून दिलं.

"बाबांची असताना?" भाऊंचा चेहरा उतरला. पण सणाचा दिवस, त्यांनी कामाला हात घातला. वर आलेले पाय त्यांनी वाशांना बांधले. दरवर्षी पाळण्यासारखी झुलणारी मंडपी यंदा जागची हलेना. भाऊंनी ओढून पाहिली, हिसडा देऊन पाहिला.

"बरी केलीस रे," ते म्हणाले.

थोरल्या भावानं जन्मात पहिल्यांदा बरं म्हटलेलं. ह्यांचे डोळे भरून आले आणि त्या भरात तोंड सुटलं. "भाऊ, ही बाबांचीच आहे. मी तिला पाय लावले. वर चड्ड्या वाळत घातल्या."

मी डोळे मिटून घेतले. मग धप्पकन आवाज झाला. भाऊंच्या हातची काकडी पडली होती, आणि ते खांब धरून हसत होते.

"मेल्या, अगदी बाबांवर गेलास! ही मंडपी कशाची, ठाऊक आहे? आजीच्या पलंगाची! आजी माहेरी गेलेली, तोवर बाबांनी पलंग मोडलानी नि मंडपी केलीनी. म्हातारी मरेपर्यंत जमिनीवर झोपली."

इतका वेळ मान खाली घालून उभे असलेले हे एकदम ताठ झाले.

"सागवानी होता पलंग?"

"सागवानी, कोरीव खुरांचा."

ह्यांची नजर हळूच आमच्या झोपायच्या खोलीकडे वळली. मी हातातलं तबक तिथंच ठेवलं, आत गेले आणि पलंगावर ऐसपैस आडवी झाले. गणपतीची तयारी आता दोघा भावांनी बघावी.