एकट्या तंतूचा उजेड

कॅनडातल्या सास्काटूनच्या त्या इस्पितळात दोन यंत्रांची परीक्षा चालली होती. दोन्ही यंत्रे शिरेतून सोडलेल्या किरणोत्सारी साखरेचा माग काढत; पेशी जिथे भुकेल्या, तिथे उजेड; आणि कॅन्सरच्या पेशी फार भुकेल्या. एक तो उजेड सीटीच्या चित्रावर ठेवी, दुसरे एमआरआयच्या. गळ्याच्या कॅन्सरबाबत अधिक खरे कोण बोलते, ते ठरवायचे होते. सीटीची चित्रे ग्वेन लाशान्स वाचत, एमआरआयची टोबायस रायमर. नावे झाकलेली, आणि एकाने काय पाहिले ते दुसऱ्याला वर्षअखेरपर्यंत सांगायचे नाही. याला तिथे आंधळे वाचन म्हणत. नव्या यंत्राचे, म्हणजे एमआरआयवाल्याचे, मत उपचारात धरले जात नसे. त्याच्यावर अजून कुणाचा भरवसा नव्हता.

टोबायसला ही रीत मानवली होती. माणसांपेक्षा त्यांच्या सावल्यांशी बोलणे त्याला सोपे जाई.

नोव्हेंबरात एक गळा त्याच्यासमोर आला. जबड्यात धातूची वाकडी पट्टी, तिच्याभोवती चित्रात काळी पोकळी. उजवा स्वरतंतू लखलखत होता. टोबायस बराच वेळ पाहत राहिला. डावा तंतू लुळा पडला होता आणि उजवा दोघांचे काम एकटा ओढत होता. राबणारा स्नायूही साखर खातो. गाठ कुठेच नव्हती.

गुरुवारी उपचार ठरवणाऱ्या बैठकीत तोच जबडा पडद्यावर आला, आता सीटीमधला. तीच वाकडी पट्टी, तिच्यातून पांढरे चरे फुटलेले, आणि चऱ्यांपलीकडे तोच उजेड. इथे नाव उघडे होते : ओरेस्ट हाव्रिलुक, गुरांचे लिलाव पुकारणारा. “आजार परतलाय,” ग्वेन म्हणाल्या. किरणांनी भाजलेल्या गळ्यातून तपासणीसाठी पुन्हा तुकडा काढायला सर्जन राजी नव्हता. स्वरयंत्रच काढायचे ठरले, सोमवारी.

टोबायसने त्यांना जिन्यात गाठले.

“ग्वेन, हा गळा मी वाचलाय.”

“मग गप्प बस. बोललास तर केस बाद होईल.”

“तो उजेड स्नायूचा असला तर?”

“झालं, बोललासच.” त्या थांबल्या. “तू शाळेत होतास तेव्हापासून मी गळे वाचतेय, टोबी. कोण खरं ते वर्षअखेरीस कळेलच की.”

“त्याला सोमवारीच कळेल.”

“आणि गाठ असली, तुझ्या सांगण्यावरून आत राहिली, तर त्याच्या बायकोला तू तोंड दाखवणार?”

सर्जनची खोली त्याच मजल्यावर होती. टोबायस तिच्या दारावरून दोनदा गेला. रविवारी मात्र तो वॉर्डात जाऊन उभा राहिला.

“रायमर? म्हणजे रॉस्थर्नकडचे का रे तुम्ही?” ओरेस्टचा आवाज घोगरा होता, पण वेग लिलावाचाच. “तिकडचा एक रायमर बोली लावताना भुवईसुद्धा हलवायचा नाही. मी विचारायचो, बाबा, जिवंत आहेस ना? तूही त्याच मातीचा दिसतोस. बोल, काय काम काढलंस?”

वाक्य जिभेवर तयार होते. पण चुकलो तर? हा प्रश्न ग्वेनचा होता. आता तो त्याच्या तोंडात मुक्कामाला आला होता.

“काही नाही. सहज.”

“डॉक्टर सहज येत नसतात, लेका. असू दे, हे पिरोगी खा. स्टेफाला उद्यापासून नावं ठेवता येणार नाहीत, म्हणून आजच ठेवतो. मीठ कमी आहे.”

“चाळीस वर्षं बडबड ऐकतेय,” त्याची बायको स्टेफा म्हणाली, “उद्या जरा शांत झोपेन.” आणि तिने तोंड खिडकीकडे वळवले.

काढलेल्या स्वरयंत्रात कॅन्सरचा कणही सापडला नाही.

वर्षअखेरीस नावे उघडली. जिन्यातले बोलणे झालेच नव्हते, असे दोघांनी न ठरवताच ठरवले होते. केस मोजली गेली, नव्या यंत्राच्या बाजूने. ग्वेननी दिलदारपणे हार मानली. “लेखात पहिलं चित्र हेच घालू,” त्या म्हणाल्या. “इतका लख्ख फरक दुसरीकडे कुठे नाही.”

फेब्रुवारीत ओरेस्ट तपासणीला आला. गळ्याला कंपनाचे यंत्र लावून तो एकसुरी, भुंग्यासारखा बोलू लागला, एकेक शब्द सुटा.

“सर्जन म्हणाले. काढलं त्यात. काहीच नव्हतं. बघ माझं नशीब.”

“इतक्या प्रार्थना केल्या होत्या आम्ही,” स्टेफा म्हणाली. “खरंच ना डॉक्टर, स्वच्छ आहे सगळं?”

“हो,” टोबायस म्हणाला. “गळा स्वच्छच होता.”

तिने त्याचेही आभार मानले.