पासेनेचा अंगठा

सोमवारी सकाळी तिलाने नवरा कामाला होता त्या गोदामात फोन लावला आणि थकलेल्या आवाजात सांगून टाकलं, "पासेनेच्या पायावर खोका पडलाय. आज यायचा नाही."

पलीकडून मुकादम म्हणाला, "वहिनी, नऊ वर्षांत हा सोळावा खोका. बाकी कुणाच्या पायावर कसा पडत नाही हो?"

तिलाने फोन ठेवला. कसला खोका अन् कसलं काय! आतल्या खोलीत पासेने पाय उशीवर टाकून पडला होता आणि अंगठ्याला चादरीचा काठसुद्धा टेकू देत नव्हता. त्याला गाऊट होता. रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साठतात आणि एखाद्या पहाटे सांधा लालबुंद होऊन ठणकायला लागतो. न्यूझीलंडमध्ये, दक्षिण ऑकलंडला, सामोआ बेटांवरून आलेल्यांच्या घराघरांत हे दुखणं आहे, पण नाव कोणी काढत नाही. काढलं की लोक दात काढतात. "बियर पायात उतरली वाटतं," म्हणतात. मग कुणाच्या पायावर खोका पडतो, तर कुणाचा पाय रग्बी खेळताना मुरगळतो, मग भले त्याने वीस वर्षांत चेंडूला हात लावलेला नसो.

या खेपेला मात्र प्रकरण नुसत्या रजेचं नव्हतं. पुढच्या महिन्यात गावी, सामोआत, पासेनेला त्याच्या वारलेल्या वडिलांची सरदारकीची पदवी आणि तिच्यासोबत त्यांचं नाव मिळायचं होतं. त्या समारंभात चटईवर मांडी घालून तासन् तास बसायचं असतं. थोरामोठ्यांसमोर पाय पसरणं म्हणजे त्यांचा अपमान.

"मी नाही म्हणून कळवतो," पासेने छताकडे बघत म्हणाला. "धाकट्या चुलतभावाला देऊ देत."

"बारा वर्षं घराण्यातल्या प्रत्येक लग्नामयताला तू सगळ्यांच्या आधी धावलास," तिलाने सुनावलं. "आणि आता अंगठ्यापायी बापाचं नाव सोडणार?" तिला रडू येत होतं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

तिने शेवटी नणंदेला बोलावलं. लागी थोरली, दवाखान्यात नर्स. आणि त्या लोकांत भाऊ कितीही मोठा झाला तरी बहिणीचा शब्द खाली पडू देत नाही.

रविवारी चर्चनंतर लागी आली. टेबलावर खारवलेलं गोमांस, पातेलंभर शिंपल्या आणि नारिंगी सोड्याची भली मोठी बाटली होती. तिने आधी टेबल बघितलं, मग भावाचा पाय बघितला.

"खोका किती किलोचा होता रे?"

"ताई, तू तरी नको ना."

"बरं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रोजची गोळी दिली होती. तिचं काय केलंस?"

"तीन आठवडे घेतली. तिच्यानेच पाय सुजला. दिली फेकून."

"आणि आता?"

"दुखलं की कामावरचा सेमी देतो ना त्याच्याकडच्या दोन. चांगला आहे बिचारा."

"चांगला आहे! अशा गोळ्या मनानेच खात राहिलास तर उद्या मूत्रपिंडं जातील. तिथे सेमी काय करणार आहे?" लागी खुर्ची ओढून बसली. तीही दमलेली होती, आठवडाभर असेच पाय बघून. "नीट ऐक. ती रोजची गोळी दुखणं मारायची नाहीच. ती रक्तातलं ॲसिड उतरवते. सांध्यात वर्षानुवर्षं साठलेले खडे विरघळायला लागले की पहिले काही महिने पाय मध्येच उसळतो. म्हणून तर सोबत दुसरी गोळी दिली होती. औषध लागू पडायला लागलं आणि तू नेमकं तेव्हाच सोडलंस."

पासेनेने समोरचा सोडा बाजूला सारला.

"बियर, सोडा, शिंपल्या कमी कर, पाणी पी. पण नुसतं पथ्य पुरायचं नाही. हे आपल्या रक्तातच आहे. बाबा काय सांगायचे आठवतं? नीरफणसाच्या झाडावरून पडलो म्हणून लंगडतो. अरे, तो माणूस शिडीवर चढायला घाबरायचा! त्यांनी लाजेपायी जन्म काढला. तू त्यांचं नाव घेणार आहेस, त्यांची लाज घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी लागी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आधी रक्त तपासलं, मग पायाची सूज उतरली आणि दोन्ही गोळ्या परत सुरू झाल्या. पासेनेने सोडा बंद केला. पदवीला नाही म्हणून कळवायचं होतं, ते त्याने कळवलं नाही.

आणि समारंभाच्या सकाळीच, गावी, अंगठा पुन्हा उसळला.

"फेकून देऊ?" गोळ्यांची डबी हातात धरून त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

"घे," लागी म्हणाली. "आजची आज."

त्याने ती घेतली.

समारंभाच्या, भिंती नसलेल्या मोठ्या घरात खांबाखांबाला टेकून सरदार बसले होते. पासेने लंगडत आला, बसला, पण मांडी घालता येईना. पाय लांब राहिला. घरात कुजबूज झाली. तेवढ्यात लागी उठली, वाकून आत आली आणि भावाच्या पायांवर तिने चटई पांघरली. पाय झाकले की अपमान होत नाही, हा जुनाच रिवाज होता. तरण्या माणसाने तशी चटई कधी मागितली नव्हती, इतकंच.

"पायाला काय झालं?" सरदारांच्या वतीने बोलणाऱ्या सर्वांत वृद्ध वक्त्याने कडक आवाजात विचारलं.

पासेनेने एकदा बहिणीकडे पाहिलं. "गाऊट आहे," तो म्हणाला. "बाबांनाही हाच होता. ते कधी झाडावरून पडले नव्हते. मी रोज औषध घेतो, पण उतरायला महिने लागतील. तोवर मला असंच बसवून घ्या."

कोणी हसलं नाही.  म्हाताऱ्या वक्त्याने हळूच आपली मांडी सोडली, सुजलेला घोटा पुढे सरकवला आणि लागीला म्हणाला, "पोरी, आणखी एक चटई आहे का?"

लागीला तीन आणाव्या लागल्या.

वाचकहो, आपल्याही घरात, कचेरीत कुणी लंगडत आलं तर आधी विनोद सुचतो. तो गिळायला शिकूया. गाऊट हे खादाडपणाचं प्रायश्चित्त नाही, ते दुखणं आहे आणि त्याला औषध आहे. ते आपल्या डॉक्टरांचंच असावं, शेजाऱ्याच्या खिशातलं नव्हे. आणि पाय दुखत नसेल त्या दिवशीही ते घ्यावं. दुखणं लपवणारा माणूस दुखण्यापेक्षा लपवण्यानेच जास्त थकतो, आणि त्याच्यावर ही वेळ आपण हसणारे आणतो.