एकाहत्तर नंबरचा बिल्ला

आपण जिवंत आहोत याचा पुरावा रोज सकाळी साडेसातला द्यायचा, अशी अट पोटच्या मुलीनं घातली तर माणसानं काय करावं? चंद्रशेखर देवतळ्यांनी आधी थयथयाट केला, मग अट मान्य केली, आणि मग ती मोडायची अशी नामी युक्ती काढली की स्वतःवरच खूश झाले. इंजिनिअर माणूस! सरळ रस्ता दिसला की यांना चुकल्यासारखं वाटायचं.

सुनेत्राताई गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती. कोलोरॅडोच्या डोंगरात, साडेनऊ हजार फुटांवर हार्लन गल्च नावाचं गाव आहे. एके काळी तिथं चांदीच्या खाणी होत्या, आता सहाशे डोकी उरली आहेत आणि हिवाळ्यात त्यातलीही निम्मी खाली पळतात. निवृत्तीनंतर दोघांनी हौसेनं तिथं घर घेतलं. देवतळ्यांची सगळी नोकरी खाणीत गेलेली, जमिनीखाली हवा खेळती ठेवण्याचं काम. 'आता जरा वरची हवा खाऊ,' असं ते म्हणायचे. खायला एकटेच उरले.

मुलगी इला दूर पूर्वेकडे, मॉरिसव्हिलला. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. आई गेल्यावर तिनं तीन पर्याय ठेवले. बाबानं आमच्याकडे राहायला यावं. नाहीतर घरात कॅमेरा बसवावा. नाहीतर रोज सकाळी साडेसातला मेसेज करावा. 'कॅमेरा? मी काय दरोडेखोर आहे?' असं म्हणून देवतळ्यांनी मेसेजवर तडजोड केली.

सुरुवातीला त्यांनी लिहिलंही मनापासून. अंगणात हरीण आलं, बर्फ किती पडला, पोह्यांत कढीपत्ता नव्हता म्हणून चव कशी गेली. इलाकडून उत्तर यायचं ते अंगठ्याचं चित्र. बापानं दहा ओळी लिहाव्यात आणि लेकीनं अंगठा दाखवावा! तरी ते गप्प बसले. पण सुनेत्राताईंच्या वाढदिवसाला त्यांनी मोठा मेसेज लिहिला, लग्नानंतर पहिल्या थंडीत दोघांनी एकच कोट कसा वापरला त्याचा. लिहिताना चष्मा दोनदा पुसावा लागला. अर्ध्या मिनिटात अंगठा आला. अर्ध्या मिनिटात तो मेसेज वाचूनसुद्धा होत नव्हता.

त्या दिवशी देवतळ्यांच्या मनातलं काहीतरी तुटलं. 'हजेरीच हवी ना? घे हजेरी.' त्यांनी एका बैठकीत तीस मेसेज लिहिले आणि फोनमध्ये अशी सोय बसवली की रोज साडेसातला त्यातला एक आपोआप जावा. तीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. एक, 'चहा झाला, तब्येत उत्तम.' नऊ, 'अंगणात हरीण आलं होतं.' झालं! आता म्हातारा मेला तरी मेसेज जाणार.

गंमत म्हणजे दोनेक महिन्यांनी इलाचा अंगठा बंद झाला आणि नातीचे फोटो यायला लागले. चार वर्षांची रुही तोंडाला दही फासून, रुही उलटे बूट घालून. देवतळे चहाचा कप घेऊन फोनसमोर बसायचे. टिंग वाजलं की एका मिनिटाच्या आत फोटो उघडायचे. दिवसभरातली त्यांची खरी भेट तेवढीच. उत्तर मात्र कधी दिलं नाही. कसं देणार? सकाळी मशीन बोललं, मग पाठोपाठ आपण बोलायचं म्हणजे चोरी पकडली जायची. आणि दोनवेळा मुकाट्यानं गिळलेला राग तिसऱ्या वेळी अंगवळणी पडतो, तसं झालं होतं.

मंगळवारी आणि गुरुवारी ते गावच्या जुन्या दप्तरखान्यात जायचे. कोर्टाच्या इमारतीचं तळघर होतं ते. खाणकंपन्यांची रजिस्टरं, पहिल्या वस्तीवाल्यांची पत्रं, दवाखान्याच्या वह्या, सगळं खोक्यांतून भरून ठेवलेलं. लोरेटा नावाची सत्तरीची बाई ते सांभाळायची. अमेरिकेतल्या तरुण पोरांना जुनं वळणदार इंग्रजी अक्षर वाचताच येत नाही. देवतळ्यांनी नागपूरच्या शाळेत छड्या खाऊन तेच अक्षर गिरवलेलं. त्यामुळे खोकं उघडायचं, वाचायचं आणि कॉम्प्युटरवर टाइप करायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. लोरेटा अधूनमधून म्हणायची, "शेकर, तू नसतास तर ही माणसं मुकीच राहिली असती." आठवड्यातून दोनदा एवढं ऐकायला मिळालं तरी देवतळ्यांना पुरायचं.

नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार, अमेरिकेतला मोठा सण, जवळ आला होता. त्याच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी, सुट्टीसाठी दप्तरखाना बंद व्हायच्या आधी, त्यांनी खाणकामगार युनियनचं चव्वेचाळीस नंबरचं खोकं उघडलं. आता दार उघडणार ते थेट जानेवारीत.

खोक्यात वर हॅना ट्रेमेन नावाच्या बाईची अकरा पत्रं होती. एकोणीसशे तीन ते तेरा, दरवर्षी मार्चमध्ये एक. मजकूर थोड्याफार फरकानं तोच. 'माझा नवरा जोसाया चार मार्चला कामावर गेला तो परत आला नाही. कंपनी म्हणते तो पाळी संपवून बाहेर आला आणि गाव सोडून गेला. साहेब, त्याचा कोट अजून खाणीच्या खुंटीवर आहे. असल्या थंडीत कोटाशिवाय कोण पळून जातं?' अकरा पत्रांना मिळून कंपनीचं उत्तर एकच होतं. 'त्या दिवशी फळ्यावर सर्व बिल्ले जागेवर होते. आत कोणीही राहिलेले नाही.'

बिल्ला म्हटल्यावर देवतळे सावरून बसले. त्यांचे वडील रामटेकजवळच्या मँगनीजच्या खाणीत हजेरीबाबू होते. पद्धत जगभर तीच. फळ्यावर खिळे आणि प्रत्येक खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. खाली उतरताना आपला बिल्ला काढून खिशात टाकायचा, वर आलं की परत अडकवायचा. पाळी सुटल्यावर खिळा रिकामा दिसला तर माणूस आत आहे, शोधायला निघा. वडील बजावायचे, 'ज्याचा बिल्ला त्याच्याच हातानं.' एकदा कुणी मित्राचा बिल्ला अडकवताना सापडला, तर या मवाळ माणसानं त्याच्या थोबाडीत मारली होती. लहानग्या चंदूला तेव्हा वडील दुष्ट वाटले होते.

खोक्याच्या तळाशी एक चार पानी जबानी होती. सन एकोणीसशे एकतीस, एफ्राइम हॉस्किन, मरणाच्या आठवडाभर आधी दिलेली. जोसायाचा जोडीदार. 'फळ्यासमोर रांग लागायची. जोसाया पायानं अधू, चढ चढायला त्याला वेळ लागायचा. म्हणून खालीच तो आपला एकाहत्तर नंबरचा बिल्ला माझ्याकडे द्यायचा आणि मी दोन्ही अडकवायचो. वर्षभर हेच चाललं होतं. त्या दिवशीही मी अडकवला. तो मागून येतोय असंच मी धरून चाललो. नोकरी जाईल म्हणून नंतर बोललो नाही, आणि मग बोलायची वेळ गेली. हॅनाला सगळं गाव नवऱ्यानं टाकलेली म्हणायचं. मी तिच्या घरावरून रोज जायचो.'

लोरेटानं दोनदा हाक मारली तेव्हा कुठं देवतळे भानावर आले.

"काय सापडलं?" तिनं विचारलं.

"एक माणूस आत राहिला होता," ते म्हणाले. "आणि फळा म्हणत होता, सगळे बाहेर आहेत."

घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच भुंगा. आपण तरी दुसरं काय केलं? आपला बिल्ला मशीनच्या हाती देऊन मोकळे झालो. उद्या सकाळी ते झेंगट काढून टाकायचं, असं ठरवूनच ते झोपले.

पण संकल्प कितीही चांगला असला तरी माणसाची खोड जात नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजता देवतळ्यांनी चहाचं आधण ठेवायच्या आधी विचार केला, हीटर घरघरतोय, तळघरातला फिल्टर आधी बघू, मग निवांत फोन घेऊन बसू. फोन ओट्यावर राहिला. तळघराच्या जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या त्यांना दिसल्याच नाहीत.

पडले ते उजव्या अंगावर. कंबरेखाली काहीतरी कडकन मोडलं. उठायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. हाका मारल्या. ऐकायला होतं कोण? शेजारचं कुटुंब ऑक्टोबरातच ॲरिझोनाला गेलेलं. दप्तरखाना जानेवारीपर्यंत बंद. अख्ख्या गावात त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. फरशी अशी गार की हाडं दुखायला लागली.

आणि वर ओट्यावर फोन हलकासा वाजला. साडेसात! मेसेज गेला होता. देवतळ्यांनी बोटांवर हिशेब केला, तीस झाले काल, म्हणजे आज पुन्हा पहिला. 'चहा झाला, तब्येत उत्तम.'

"अरे गाढवा!" ते मोठ्यानं ओरडले. एफ्राइमला की स्वतःला, त्यांनाच कळलं नाही.

मग टिंग वाजलं. रुहीचा फोटो आला असणार. आज तिनं काय घातलंय, काय फासलंय, ते वर होतं आणि हे खाली. बारा पायऱ्यांचं अंतर. सत्त्याहत्तर वर्षांचा तो माणूस तळघरात पडून हुंदके देऊन रडला. दुखण्यासाठी नाही. आपण मेलो तर इलाला कळणारसुद्धा नाही, महिनाभर तिला वाटत राहणार की बाबा चहा पितोय, आणि ही व्यवस्था आपण स्वतः, डोकं लावून, मुलीवर सूड म्हणून केली आहे, यासाठी.

तासाभरानं फोन वाजायला लागला. वाजला, थांबला, परत वाजला. सहा वेळा. मग गप्प झाला. देवतळ्यांनी डोळे मिटून घेतले.

साडेनवाच्या सुमाराला मागचं दार उघडल्याचा आवाज आला. शेरीफच्या, म्हणजे गावच्या पोलिसांच्या, ऑफिसमधला एक दांडगा गडी टॉर्च घेऊन पायऱ्यांवर उभा राहिला आणि मागे लोरेटा, कोटाची बटणं उलटसुलट लावलेली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो गडी त्यांच्या अंगावर घोंगडी घालत म्हणाला, "सर, मला नीट कळलं नाही, पण तुमच्या मुलीची तक्रार अशी होती की तुम्ही सकाळपासून फोटो बघितला नाही."

इला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलात पोचली. खुब्यात खिळा घालून झाला होता. ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. बापाचा हात हातात घेतला. शेवटी देवतळ्यांनीच विचारलं, "तुला मेसेज मिळाला होता ना? साडेसातला?"

"मिळाला की. चहा झाला, तब्येत उत्तम." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "बाबा, यार, मी टेस्टर आहे. दर तीस दिवसांनी अंगणात हरीण येतं? डीअर काय कॅलेंडर बघून येतं का?"

देवतळ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून?"

"मे महिन्यापासून. आधी खूप राग आला. मग आईच्या बर्थडेचा तुझा मेसेज परत नीट वाचला. त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते, न वाचताच थम्ब्स-अप केलं होतं. मग मला खूप लाज वाटली. सॉरी कसं म्हणायचं कळेना, म्हणून रुहीचे फोटो सुरू केले. तू रिप्लाय करायचा नाहीस, पण एका मिनिटात टिक्स ब्लू व्हायच्या. रोज. तेवढं बघायचे आणि कामाला लागायचे. काल ब्लू झाल्याच नाहीत."

"मग इतके महिने बोलली का नाहीस गं?"

इलानं खाली बघितलं. "मला टाळायला तू एवढी मेहनत घेतली होतीस. मला वाटलं, तुला माझ्याशी बोलायचंच नाहीये."

दोन हजार मैलांवर दोघं रोज सकाळी एकाच वेळी फोन हातात घेऊन बसत होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला आपण नको आहोत. देवतळ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, ती आठवीत असताना फिरवायचे तसा.

इला तीन आठवडे राहिली. जायच्या आदल्या दिवशी तिनं मॉरिसव्हिलचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. "चालता येऊ दे धड. मग बघू, उन्हाळ्यात." ती नुसती बरं म्हणाली. विमानतळाकडे निघताना लोरेटाला घराची किल्ली देऊन गेली.

जानेवारीत काठी टेकत देवतळे दप्तरखान्यात गेले. दप्तरखान्यातल्या कामगारांच्या यादीत जोसाया ट्रेमेनच्या नावापुढे शंभर-सव्वाशे वर्षं लिहिलेलं होतं, 'गाव सोडून गेला.' त्यांनी ते खोडलं, जबानीचा क्रमांक दिला आणि टाइप केलं, 'बाहेर आलाच नाही. बायको खरं सांगत होती.' लोरेटानं शेवटच्या वाक्यावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. असलं वाक्य यादीत नसतं म्हणे. देवतळे म्हणाले, राहू दे. तिनं राहू दिलं.

पण ते दुपारचं. त्या दिवशी सकाळी घर नेहमीसारखंच रिकामं होतं. हीटर घरघरत होता. फोनमधले तीसही मेसेज पुसून झाले होते. साडेसात वाजले तसा देवतळ्यांनी फोन उचलला आणि नंबर लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"बाबा? ऑल ओके?"

"हो."

"चहा झाला?"

हो म्हणायला जीभ सरसावली होती. सवयच ती. देवतळ्यांनी ओट्यावरच्या रिकाम्या पातेल्याकडे बघितलं.

"नाही झाला अजून," ते म्हणाले. "करमत नाही गं इलू. तुझी आई गेल्यापासून एक दिवस करमलं नाही मला."

"मलाही नाही, बाबा," ती म्हणाली. "तू चहा ठेव. मी आहे लाइनवर."