बोटभर पीठ

चाखल्याशिवाय पीठ भट्टीत घालायचं नाही, ही आमच्या ह्यांची सवय सासऱ्यांपासूनची. करंगळीचं टोक पिठात, मग जिभेवर, मग डोळे मिटायचे. 'हं' म्हणाले की पीठ भट्टीत, 'अंहं' म्हणाले की काहीतरी चुकलंय. लग्न होऊन मी या बेकरीत आले तेव्हा मला ते किळसवाणं वाटलं होतं आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. माझ्या जिभेला हाड नाही हे सासरी पहिल्याच आठवड्यात कळलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी केकचं मिश्रण चमच्यावर घेऊन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "काय कमी आहे सांग."

"अक्कल," मी म्हटलं, आणि चाखलं. लिंबाची साल कमी होती.

तेव्हापासून दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आमचा हा खेळ चालायचा. हे मुद्दाम काहीतरी कमी घालायचे आणि मी ओळखायचे. चुकले की मला भांडी घासायची शिक्षा, बरोबर आलं की ह्यांना. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पलीकडे ट्रे पुसत म्हणायचे, "तुमचं चालू द्या, पाव करपले तर मी आहेच." त्या दुपारी आठवल्या की अजून जीव सुखावतो. असे दिवस चालू असताना कळत नाहीत, हेच वाईट.

मग ह्यांच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कॅन्सर. ऑपरेशन करून ग्रंथी काढली, वर किरणोत्सारी आयोडीनचा मोठा डोस दिला. कॅन्सर गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. गोड थोडंफार कळायचं, मीठ तर अजिबात नाही. म्हणून ह्यांच्याऐवजी मी चाखायला लागले. हे समोर उभं राहून माझ्या तोंडाकडे असे टक लावून बघायचे की मला 'हं' म्हणायचीही चोरी वाटायची.

दर सहा महिन्यांनी रक्ततपासणी आणि गळ्याची सोनोग्राफी, हे आता आमच्या अंगवळणी पडलं होतं. तीन वर्षं सगळं ठीक होतं. या खेपेला रक्तातला एक आकडा थोडा चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण अंगाचा स्कॅन करू. त्याआधी आयोडीनची एक छोटी कॅप्सूल गिळायची. कॅन्सरचा एखादा कण कुठे उरला असेल तर तो ते आयोडीन ओढून घेतो आणि फोटोत दिसतो. त्यासाठी शरीर आयोडीनला भुकेलं हवं. म्हणून रोजच्या थायरॉइडच्या गोळ्या महिनाभर बंद, आणि शेवटचे दोन आठवडे दूध, अंडी, बाजारातलं आयोडीनचं मीठ, सगळं बंद.

गोळ्या थांबल्या की ह्यांचं पार पोतेरं होतं. तोंड सुजतं, भट्टीशेजारी बसूनही थंडी वाजते, आणि एक वाक्य पुरं होईस्तोवर माझी दोन गिऱ्हाइकं होतात. मी ह्यांचं जेवण वेगळ्या मिठात, वेगळ्या भांड्यात करत होते. माझ्याकडून काही राहू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बघत होते.

कॅप्सूलच्या आदल्या दिवशी मी दुकानात पाव बांधत होते. आतून ह्यांचा आवाज आला, "मीठ निम्मंच पडलंय."

भाऊजींनी मापाचा डबा पाहिला. "खरंच की दादा. तुला कसं कळलं?"

मी हातातलं टाकून आत धावले. ह्यांच्या सुजलेल्या तोंडावर असं हसू होतं की मला केकच्या चमच्याचा तो दिवस आठवला. "चव येते, अगं. आठवडा झाला. मीठ कळतं मला." मी पावाचा चुरा लागलेल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं. इतका आनंद मला कॅन्सर गेला तेव्हाही झाला नव्हता.

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. "अहो, म्हणजे ते बाजारच्या मिठाचं पीठ तुम्ही चाखत होता?"

ह्यांनी करंगळी लेंग्याला पुसली.

"किती?"

"पहिल्यांदा हात आपोआप गेला. मग मीठ लागल्यासारखं वाटलं, म्हणून खात्री करायला." मग परातीकडे बघत म्हणाले, "रोज. प्रत्येक परात."

मी तोंडाला येईल ते बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि माझा हात धरला. "सांगू नकोस गं डॉक्टरीणबाईंना. बोटभर तर पीठ. पुन्हा गोळ्यांशिवाय दिवस काढायची ताकद नाही माझ्यात." डोळ्यांत पाणी होतं. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शिशाच्या जाड डबीतली कॅप्सूल पुढे ठेवली आणि विचारलं, "पथ्य नीट पाळलंत?"

"अगदी नीट," हे म्हणाले.

मला वाटत होतं, मी गप्प बसू शकेन. पण ह्यांनी हात पुढे केला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं बोलतायत." मग सगळं सांगितलं.

बाईंनी डबी बंद केली. "बरं झालं सांगितलंत. एखादं बोट चालून गेलं असतं, पण रोज इतकं म्हणजे नाही. कणाचं पोट आयोडीनने आधीच भरलेलं असलं की तो ही कॅप्सूल घेणार नाही. फोटो स्वच्छ येईल, पण त्यावर विश्वास ठेवता येणार नाही." तारीख पुढे गेली. गोळ्या बंदच राहिल्या.

हे माझ्याशी बोलायचे बंद झाले. पुन्हा ह्यांचं बोट पिठात जायला नको म्हणून मी भाऊजींना सांगून भट्टी विझवली. सासऱ्यांच्या काळापासून ती कधी थंड झाली नव्हती. गिऱ्हाइकं कडीला हात लावून परत जायची. पहिले काही दिवस हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग एका दुपारी उठून माझ्याशेजारी, थंड भट्टीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुला ती दालचिनी कधीच ओळखता आली नाही." त्यानंतर रोज दुपारी आम्ही तिथे बसून जुनंच बोलत राहिलो, शाल दोघांत एक.

नव्या तारखेला स्कॅन झाला. गळ्याच्या डाव्या बाजूला एक बारीक ठिपका चमकत होता.

"लहान आहे, वेळेवर सापडला," बाई म्हणाल्या. "आयोडीनचा आणखी एक मोठा डोस द्यावा लागेल."

"आणि जीभ?" ह्यांनी विचारलं.

"चव पुन्हा जाऊ शकते. मी खोटी आशा दाखवणार नाही. आणि डोस होईपर्यंत पथ्य हेच."

म्हणजे आता, चव असताना, ह्यांना काही चाखताही येणार नव्हतं. बाहेर व्हरांड्यात बाकावर आम्ही बसलो. माझ्याच्याने ह्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर ह्यांची चव राहिली असती, फोटो स्वच्छ आला असता, आणि तो ठिपका आत वाढत राहिला असता.

"रागावलात?" मी विचारलं.

सावकाश, एकेक शब्द जोडत हे म्हणाले, "गेली तर गेली चव. तुझं बोलणं ऐकायला माणूस शिल्लक राहतो, हे काय कमी आहे?"

एरवी मी ह्यांचा एक शब्द खाली पडू देत नाही. तेव्हा मात्र माझ्या तोंडून काही फुटेना. तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी ह्यांचा हात घट्ट धरून रडत बसले.